दादाच्या खात्यातून

३ जून

फौजदारबाईंस,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. काम आहे म्हणून लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, मेल न वाचता पुसून टाकत असशील. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम असं आहे. आमच्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग पुढच्या वर्षी बंद होतोय आणि त्याच्या जागी 'माहिती विभाग' येतोय. काचेच्या केबिनी, नवीन सिस्टिम, फिरत्या खुर्च्या. जुन्यांपैकी ज्यांनी माहिती व्यवस्थेच्या मास्टर्स डिग्रीला निदान प्रवेश घेतला असेल त्यांनाच तिकडे घेणार, बाकीच्यांना नारळ. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला बोलावून सांगितलं, "जुलै अखेरपर्यंत कुठेतरी नाव घालून टाका. ऑनलाइन असली तरी चालेल, फक्त मान्यताप्राप्त हवी." मी म्हटलं, बाई, माझं वय बघा. तर म्हणतात, "वय फॉर्ममध्ये विचारतात, पण त्याला मार्क नसतात."

मग काय, बसले शोधायला. तीन हाताशी लागल्यात. पहिली मोठ्या नावाची. तिची फी वाचून मी चष्मा पुसून परत वाचली, तेवढीच होती. दुसरी स्वस्त म्हणतात, पण आत गेलं की परीक्षेची फी वेगळी, लायब्ररीची वेगळी, प्रमाणपत्र छापायची वेगळी. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. त्यांचा एक मुलगा मला रोज फोन करून 'डिअर स्टुडंट' म्हणतो. काल मी त्याला विचारलं, तू जेवलास का बाळा? तेव्हापासून फोन नाही. तिसरी सरकारी विद्यापीठाची. जितके विषय घ्याल तितकेच पैसे भरा, नोकरी सांभाळून हळूहळू करा. माझ्या आवाक्यात बसणारी तेवढी एकच. पण आमच्यासारख्या साध्या बी.ए.वाल्यांना कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

माझ्या ओळखीत हे सगळं शिकलेलं माणूस तू एकटीच. तेव्हा सांग, कुठली घेऊ? मला जमेल का, हेही सांग. तू खोटं बोलणार नाहीस, तेवढा तरी तुझा भरवसा आहे.

आपलं जे झालं ते झालं. 'दादाची खुर्ची गार व्हायच्या आत जाऊन बसलीस' हे तू म्हणालीस आणि 'तो आजारी होता तेव्हा तू कुठे होतीस' हे मी म्हणाले. खुर्ची मी मागितली नव्हती, तो गेल्यावर हॉस्पिटलने दिली. घरात एकटीने भिंती बघत बसण्यापेक्षा बरी म्हणून घेतली. आता तर मी रजासुद्धा घेत नाही. घरी बसून करू काय?

एक गंमत सांगते. मी कामावर रुजू झाले तेव्हा सिस्टिमवाला म्हणाला, तुमचं नवीन खातं उघडायला आठवडाभर लागेल, तोवर साहेबांच्या लॉगिनने काम चालू करा. तो आठवडा अजून संपायचाय. सकाळी कॉम्प्युटर लावला की तुझ्या दादाचं नाव येतं, मग पासवर्ड टाकायचा. आणि पासवर्ड काय असेल? तुझं घरातलं नाव. फौजदार. तू बोलत नाहीस, पण मी रोज सकाळी तुला हाक मारूनच कामाला लागते.

तुझी वहिनी

१७ जून

फौजदारबाईंस,

उत्तर नाही. नसू दे. मी तिसरीच निवडलीय. तुझी वाट बघत बसले तर जुलै निघून जायचा.

पण घोडं अडलंय, तेही भलत्याच ठिकाणी. अनुभवाचा दाखला मागायला ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने सिस्टिममध्ये माझं नाव घातलं, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे काही काम केलेलंच नाही." मी म्हटलं, हजेरी बघा, पगार बघा. तो म्हणाला, "हजेरी आहे, पगार आहे, काम नाही." म्हणजे इतकी वर्षं मी नुसती खुर्ची उबवली. केलेल्या कामापुढे नाव तुझ्या दादाचं. रोज, सगळ्या नोंदींपुढे. माझ्या हातचा प्रत्येक कागद त्याने केलेला.

त्या कारकुनाला हसू येत होतं. मलाही आलं. म्हटलं, अहो, ते वारलेत. तर त्याने दुसरी खिडकी उघडली आणि म्हणाला, "हो, पगाराच्या सिस्टिममध्ये मयत दाखवतंय. पण रेकॉर्डच्या सिस्टिममध्ये हजर आहेत." दोन्ही सिस्टिम एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, पण एकमेकींशी बोलत नाहीत. तुझ्यामाझ्यासारखंच.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली जी इतक्या दिवसांत केली नव्हती. तुझ्या दादाची फाइल उघडली. तो आमच्याच हॉस्पिटलात गेला, तुला माहीत आहे. त्याच्या आजारपणात अख्खा विभाग त्याच्या लॉगिनने काम करायचा, कारण चुका दुरुस्त करायचा अधिकार फक्त त्याच्या खात्याला. त्यामुळे तो गेला त्या दुपारी जो कोणी तिथे बसला होता, त्याने त्याच खात्यातून नोंद केली. मृताचं नाव, तारीख, वेळ, कारण. आणि खाली, नोंद करणारा: पुन्हा तोच. शेऱ्याच्या चौकटीत, 'तपासून पाहिले, बरोबर आहे.'

हे वाक्य त्याचं आहे. 'तपा' एवढं टाइप केलं की सिस्टिम पुढचं आपोआप भरते, त्याच्या सवयीने. मीही तेच वापरते. हजारदा वापरलं असेल. पण तिथे ते वाचल्यावर मी स्क्रीन बंद केली आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "काय गं, भूत बघितलंस का?" मी म्हटलं, नाही हो, ॲसिडिटी.

अर्जाबरोबर एक निबंधही द्यायचाय. 'तुमच्या कामाच्या ठिकाणी माहिती एका व्यवस्थेकडून दुसरीकडे पोचत नाही, असं एक उदाहरण लिहा.' घ्या! काखेत कळसा. पण ते लिहिलं आणि हॉस्पिटलला वरपर्यंत कळलं, तर त्याचं खातं बंद करतील. दाखलाही खातं बंद केल्याशिवाय मिळणार नाही.

म्हणून अजून लिहिलेलं नाही. बाकी काही नाही, वेळ मिळत नाही.

तुझी वहिनी

२ जुलै

फौजदारबाई,

मला वेड लागलंय का ते सांग. तू सांगशील म्हणून नाही, पण कोणाला तरी विचारायला हवं.

मागच्या आठवड्यात मला ताप आला. सकाळी उठायला गेले आणि परत आडवी झाले. फोन कुठेतरी पलंगाखाली पडला असावा, शोधायचं त्राण नव्हतं. कामावर कळवलंसुद्धा नाही. दुपारी कधीतरी दार वाजलं. वाजतच राहिलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, गळ्यात टेप तशीच. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई! जिवंत आहेस ना?" मग डॉक्टरला बोलावलं, गोळ्या दिल्या, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. शिलाई मशीन सोडून वर का आलात असं विचारलं, तर म्हणाल्या, सहज. ही बाई सहज कधी जिना चढत नाही, तिचे गुडघे दुखतात. पण मला तेव्हा शुद्ध कुठे होती.

बरी झाल्यावर कामावर गेले. कॉम्प्युटर लावला. रोज येतं तसं आलं, 'शुभ सकाळ', पुढे त्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, या खात्याचा शेवटचा वापर कधी झाला ते. तिथे तापाच्या दिवसाची तारीख होती, सकाळची वेळ.

मी घरी, पलंगावर. हा पासवर्ड आता दुसरं कोणी वापरत नाही, बाकीच्या सगळ्यांची स्वतःची खाती झालीत. माझं टेबल कोपऱ्यात. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारलं, माझ्या जागेवर कोण बसलं होतं? ती म्हणाली, कोणीच नाही, तुमचा कॉम्प्युटर बंदच होता.

बंद होता. आणि त्याचं खातं उघडलं गेलं.

शोधायच्या चौकटीत आधी काय आणि कुठे कुठे शोधलं ते राहतं. मला बघायचं नव्हतं. तरी बघितलं. त्याने त्या दिवशी दाखल झालेल्या पेशंटची यादी उघडली होती आणि तिच्यात माझं नाव शोधलं होतं. माझं पूर्ण नाव, लग्नानंतरचं. एकदा नाही, वॉर्डातून, अपघात विभागातून, सगळीकडून. आणि शेवटी जिथे गेलेल्यांची नोंद होते, तिथेही.

मी शहाणी बाई आहे. मला माहीत आहे मेलेली माणसं टाइप करत नाहीत. पण त्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून काम केलं. 'तपा' लिहिलं की पुढचं वाक्य येई आणि माझ्या अंगावर काटा येई. आणि खरं सांगू? भीती वाटली ती अर्धी. उरलेल्या अर्ध्यात मला बरं वाटलं. मी आले नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं. कोणीतरी मला शोधलं.

कोणाला सांगू नकोस हं. कोणाला सांगणार म्हणा तू.

वहिनी

१२ जुलै

तुला,

आज फौजदार म्हणत नाही.

मोठ्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. लॉगिनचं, तापाच्या दिवसाचं, सगळं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी कपाळाला हात लावला आणि सिस्टिमवाल्याला बोलावलं, तोच तो, आठवड्याच्या बोलीवाला. आता टक्कल पडलंय त्याला. त्याने चाचपून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे बाहेरून उघडलंय. साहेब आजारी असताना घरून काम करायची सोय दिली होती, ती अजून चालूच आहे. कुठून तरी लांबून आलंय हे." मग आणखी दोन ठिकाणी बोट फिरवून म्हणाला, "आणि पासवर्ड विसरला तर कळवायला म्हणून साहेबांनी एक मेलचा पत्ता देऊन ठेवलाय. खातं उघडलं की रोज त्या पत्त्यावर आपोआप सूचना जाते. यांच्या खात्यात लॉगिन झालं, अशी."

पत्ता त्याने वाचून दाखवला. तुझा.

बाईंनी पाणी दिलं. सिस्टिमवाला म्हणत होता, बाहेरच्या माणसाला पेशंटचं रेकॉर्ड दिसणं फार गंभीर आहे. बाई त्याला म्हणाल्या, "तू गप रे. आठवड्याचं काम आयुष्यभर लोंबकळत ठेवलंस, ते कमी गंभीर आहे का?"

म्हणजे मी रोज सकाळी पासवर्ड टाकायचे आणि तिकडे, कुठे असशील तिथे, तुला येत होतं की दादाच्या खात्यात लॉगिन झालं. दादा कामावर आला. रविवार सोडून रोज. आणि तू ते बंद केलं नाहीस. एका मेलने बंद झालं असतं, तुझा तर हाच धंदा.

आधी राग आला. मला वेड लागायची पाळी आली होती आणि तू गप्प. मग राग टिकला नाही. कारण मला समजतं. मलाही रोज सकाळी त्याचं नाव बघायचं असतं, तू एकटी नाहीस. पहिल्या पत्रात गंमत म्हणून लिहिलं ते काही गंमत नव्हतं. नवीन खातं मागायला मला एका चिठ्ठीचं काम होतं. मी चिठ्ठी लिहिली नाही. 'शुभ सकाळ' नंतर त्याचं नाव यायचं ना, तेवढ्यासाठी मी दुसऱ्याच्या नावावर राबले.

आता ऐक. बाईंनी मार्ग काढलाय. ऑफिस म्हणत होतं, ही कामं कोणी केली याला पुरावा काय? बाई म्हणाल्या, पुरावा फाइलमध्येच आहे. ज्या तारखेला तो गेला, त्या तारखेनंतरची एकही नोंद त्याची असू शकत नाही. आणि त्या टेबलावर तेव्हापासून दुसरं कोणी बसलेलं नाही. म्हणजे त्याच्या मरणाची नोंद हाच माझ्या अनुभवाचा दाखला. हे ऐकून मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही. रडू आलं, एवढंच लिहिते.

पण दाखला द्यायचा तर खातं बंद करावं लागेल. तुझी सूचनाही बंद होईल. मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारण्याचा अधिकार मी एकटीने कसा घेऊ? पहिल्या वेळी तू इथे नव्हतीस, आणि मी ते तुला ऐकवलं. या वेळी तुला न विचारता काही करणार नाही. जुलै निम्मा होत आलाय. प्रवेश गेला तर नोकरी जाईल, ते मी बघून घेईन. पण तू 'नको' म्हणालीस तर मी बंद करणार नाही. शब्द देते.

या खेपेला लिही.

तुझी वहिनी

२३ जुलै

फौजदारबाईंस,

पत्र मिळालं. शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवायचं काय कारण? तुला वाटलं मी फाडीन? बाई ते हातात धरून जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता सांगते. तापाच्या दिवशी हिचाच फोन आला होता. म्हणाली, वहिनी कामावर नाही, हॉस्पिटलातही दाखल नाही, वर जाऊन दार वाजवा आणि उघडेपर्यंत वाजवत राहा. आणि माझं नाव सांगू नका म्हणाली." इतके दिवस पोटात ठेवलं बाईने! कपडे शिवताना जगाच्या भानगडी सांगते, आणि हे नाही सांगितलं.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. एवढं शिकलीस, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं. तुझी वाक्यं तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको.

'वहिनी, दादा गेलाय हे मला माहीत आहे. तो यायला लागला असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही. ती सूचना दादाची नव्हतीच, तुझी होती. घरात तू एकटी. मी तुला फोन करू शकत नव्हते, कुठल्या तोंडाने करणार होते? पण रोज सकाळी मला कळायचं, वहिनी उठली, कपडे केले, कामावर पोचली. मग मी माझा चहा घ्यायचे. त्या दिवशी आली नाही. मी थांबले, थांबले, आणि मग तुझ्या पत्रातला पासवर्ड टाकून बघितला. लागला. तू बदललाच नव्हतास. सगळे वॉर्ड बघितले. शेवटी गेलेल्यांची यादी, तीही उघडली. तू तिथे नव्हतीस. खातं बंद कर. तिसरीच डिग्री घे, बाकीच्या दोन्ही लुबाडतात. पहिल्या सत्रात डेटाबेस घेऊ नकोस, रडशील.'

मला वाटत होतं तो मला शोधतोय. तू शोधत होतीस.

काल खातं बंद केलं. सिस्टिमवाला म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, सरक तिकडे. शेवटचा पासवर्ड मी टाकला, सावकाश, एकेक अक्षर. 'शुभ सकाळ' आलं, त्याचं नाव आलं. बोलायचं ते सगळं बोलून झालंय आमचं. मग सिस्टिमवाल्याने दाखवलं तिथे दाबलं. आता जुन्या सगळ्या नोंदींत त्याच्या नावापुढे 'खाते बंद' असं येतं. त्याच्या स्वतःच्या नोंदीतही. ती नोंद मात्र त्याच्याच हातची राहणार, ती बदलता येत नाही म्हणतात. राहू दे. रात्री घर जरा जास्तच गप्प वाटलं, पण झोप लागली.

दाखला लगेच मिळाला. निबंध लिहिला, दोन सिस्टिमचा. आपल्या दोघींचं त्यात काही घातलं नाही, तरी मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, हे कोणाबद्दल आहे? अर्ज कालच ऑनलाइन गेला. आज प्रवेशही झालाय. पहिल्या सत्राला दोन विषय घेतलेत आणि त्यातला एक डेटाबेस आहे. रडेन. तू आहेस ना.

आज सकाळी पहिल्यांदा माझ्या नावाने बसले. 'शुभ सकाळ', आणि पुढे मी. शेऱ्याच्या चौकटीत 'तपा' लिहिलं आणि थांबले. पुढे काही आलं नाही. या खात्याला अजून कोणाचीच सवय नाही. मग पूर्ण वाक्य स्वतःच्या हाताने टाइप केलं, तपासून पाहिले, बरोबर आहे. चूक न करता.

सिस्टिमवाल्याने विचारलं, पासवर्ड विसरलात तर कोणाला कळवायचं? मी तुझा पत्ता दिला. उद्यापासून सकाळी तुला सूचना येईल, या वेळी माझ्या नावाने. एखाद्या दिवशी आली नाही, तर शिंपीणबाईंना फोन करू नकोस. त्यांचे गुडघे दुखतात. मला कर.

तुझी वहिनी